खुणेचा नारळ आणि उजवा खांदा

आमच्या गावात ह्यांच्या उजव्या खांद्याला मान आहे. बाकीच्या ह्यांना तेवढा नाही. शिमग्यात ग्रामदेवीची पालखी उठते, तेव्हा पुढच्या दांड्याचा उजवा खांदा आमच्या घराचा, असं कुणाला आठवत नाही तेव्हापासून चालत आलंय. सासऱ्यांनंतर तो ह्यांच्याकडे आला. दांड्याखाली ठेवायची पंच्याची जाड घडीसुद्धा सासऱ्यांचीच. ती धुवायची, वाळवायची, पण उलगडायची नाही, हे मला लग्नानंतरच्या पहिल्याच शिमग्यात सासूबाईंनी बजावलं. मी दापोलीकडची, शाळेत विज्ञान शिकवणारी. घडी उलगडली तर काय होईल हे विचारायचं अगदी ओठावर आलं होतं. पण नवी सून होते, गिळलं.

हा मान एका माणसाला मात्र खुपायचा. ह्यांचा चुलतभाऊ, मुंबईला बंदरात कामाला. एका शिमग्यात ह्यांना ताप होता, म्हणून त्याने खांदा मागितला. हे तापातच उठून पालखीखाली गेले. "माझा खांदा हाय अजून," एवढंच म्हणाले. त्यानंतर दीर शिमग्याला यायचा बंद झाला. गणपतीत येतो, आमच्या अंगणातून जाताना मान खाली घालतो. भांडण म्हणावं तर भांडणही नाही. कोकणी अबोला तो, वर्षानुवर्षं टिकतो.

आमच्याकडे पालखी नुसती वाहत नाहीत, नाचवतात. ढोल चढला की ती खांद्यावरून उसळवायची, झेलायची, गुडघ्यात वाकून पार जमिनीजवळ न्यायची आणि पुन्हा वर. सगळं वजन क्षणभर एका खांद्यावर येतं. शिमगा आटोपतो न आटोपतो तोच आंबा येतो. आमची थोडी हापूसची कलमं आहेत. लांब काठीला जाळी लावलेली घळ दोन्ही हातांनी वर धरून दिवसभर आंबा उतरवायचा. म्हणजे देवीने सोडलेला खांदा आंबा धरतो.

तो दुखायला लागला तेव्हा ह्यांनी चाळिशी ओलांडली होती. तेल झालं, शेक झाला, कुणीतरी दिलेला वासाचा लेप झाला. मग शहरातल्या एका डॉक्टरांनी सांध्यात इंजेक्शन दिलं. सूज उतरायचं औषध आणि सोबत जागा बधिर करायचं औषध. घरी येऊन ह्यांनी माळ्यावरचं पातेलं उजव्या हाताने काढून मला दाखवलं. मीही खूश झाले, खोटं कशाला सांगू. सूज उतरायच्या औषधाला वेळ लागतो, बधिर करणारं लगेच काम करतं. त्यामुळे ह्यांच्या डोक्यात पक्कं बसलं की गुण आहे तो बधिर होण्यात.

पुढच्या शिमग्याआधी पुन्हा एक. मग आंब्याच्या तोंडावर एक. मग शिमग्यातच दोन, कारण पालखी काही एका दिवसात सगळ्या वाड्या फिरत नाही. डॉक्टर म्हणाले, "वरचेवर नको." त्यांनी नको म्हटलं की शहरात दुसरे होते. ह्यांचं बघून पालखीखालचे आणखी दोघं-तिघं जायला लागले. शिमगा जवळ आला की ढोल ताणून घेतात, तसे हे खांदे बधिर करून घ्यायला लागले. "सुई मारून आलास काय?" हा पारावरचा सरळ साधा प्रश्न झाला. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. देवीचं काम करायचं आणि कुरकुरायचं नाही, एवढाच त्यातला हिशेब होता.

आता खूण म्हणजे काय ते सांगायला हवं. दरवर्षी वाडीतल्या एका घराची पाळी असते. त्या घरातल्या एका माणसाने अंगणात कुठेतरी नारळ पुरून ठेवायचा आणि कुणालाही सांगायचं नाही. पालखी येते, अंगणभर फिरते आणि नेमकी त्या जागेवर जाऊन टेकते. नारळ निघतो. पालखीखालची माणसं सांगतात की आम्ही काही करत नाही, दांडा ओढतो तिकडे जातो. हे म्हणायचे, "खांद्याला कळता." मी लग्नाआधी असल्या गोष्टींना हसत असे. इथे आल्यावर इतक्या वेळा नारळ निघताना पाहिला की हसायची बंद झाले. मानायला मात्र लागले नाही. मधल्यामध्ये लटकत राहिले.

गेल्या वर्षी पाळी वरच्या घराची होती, आणि नारळ निघाला नाही. पालखी अंगणात भोवऱ्यासारखी फिरली, तुळशीपाशी गेली, अंगणाच्या दगडी गडग्याला जाऊन धडकली, पुन्हा मागे आली. ढोलवाल्यांचे हात थकले. शेवटी गुरवाने गाऱ्हाणं घातलं आणि घरच्या म्हातारबाईंना विचारून नारळ उकरून काढला. पालखी त्या जागेवरून दोनदा गेली होती. त्यानंतर वर्षभर जे काही बिघडलं ते देवीच्या नाराजीवर गेलं. मोहोर गळला, देवी. पंप जळला, देवी. कुणाच्या मुलाचं लग्न मोडलं, तीही देवीच.

घरी आल्यावर हे ओटीवर बसून राहिले. मी चहा ठेवला समोर. तो निवला तरी हात लावला नाही.

"मना काय कळलाच नाय गो," म्हणाले. "खांद्यावर दांडा हाय का नाय, ताच कळत नव्हता."

मला तेव्हा एवढंच समजलं की हे फार खचलेत. त्या वाक्यात आणखी काय आहे ते समजायला पुढचा माघ उजाडावा लागला.

माघात कलमांवर फवारणी करताना ह्यांचा हात वर जायचा थांबला. जायचा तेव्हा आतून करकर आवाज यायचा. मला तो भाकरी थापतानाही ऐकू यायचा, इतका. मी शहरात नव्याने आलेल्या हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे नंबर लावला. तपासण्या झाल्या, फोटो निघाले. बाहेरच्या बाकावर मला बसवेना. मी भिंतीवरचे सगळे तक्ते वाचून काढले, पाण्याचा पिंप बघून आले, ह्यांना दोनदा विचारलं, "दुखतंय का?" ते म्हणाले, "तू गप बस, म्हंजी दुखायचा नाय."

डॉक्टरीणबाई माझ्या विद्यार्थिनीच्या वयाच्या. त्यांनी फोटो दिव्यावर लावला आणि सांध्यातली एक जागा बोटाने दाखवली. तिथे दोन हाडांमध्ये फट असायला हवी होती.

"इथे कूर्चा असते," त्या म्हणाल्या. "हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर. काकांची बरीचशी गेलीय."

"झिजली?"

"झिजलीही असेल. पण बधिर करायची इंजेक्शनं किती झाली म्हणता?"

ह्यांनी खिडकीबाहेर बघितलं. मी म्हटलं, "मोजायच्या पलीकडे."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी आजवर वर्गात कधी शिकवलं नाही, कारण मला ते माहीतच नव्हतं. बधिर करणारं औषध नसांना गप्प करतं, हे सगळ्यांना ठाऊक. पण सांध्यात सोडलं की ते नसांपुरतं थांबत नाही. कूर्चेतल्या पेशींना ते विषासारखं लागू शकतं. औषध जेवढं तीव्र, जेवढा वेळ आत राहील, जेवढ्या वेळा जाईल, तेवढ्या पेशी जास्त मरतात. आणि मोठ्या माणसाच्या कूर्चेत त्या जागी नव्या फारशा येत नाहीत, कारण तिथे रक्तच पोचत नाही. पूर्वी परदेशात खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर दुखू नये म्हणून बारीक नळीने हे औषध सांध्यात दिवसचे दिवस ठिबकत ठेवायचे. पेशंट खूश असायचे. काही महिन्यांनी त्यातल्या काहींच्या सांध्यात कूर्चा उरलेली नसायची, आणि त्यात अगदी तरुण पोरंही होती.

"मग ती मरताना दुखत नाही?" मी विचारलं.

"कूर्चेत नसाच नसतात. तिला स्वतःला दुखतच नाही. शेजारचं दुखायला लागतं, तेव्हा कळतं. तेही आपण बधिर करून टाकलेलं."

"हे इंजेक्शननेच झालं, हे नक्की?"

"नक्की नाही सांगता येणार. पालखी आहे, आंबा आहे, वय आहे. एखादं इंजेक्शन घेतलेल्या प्रत्येकाचं असं होत नाही. पण इतक्या वेळा घेतलंय तर त्याचा वाटा असणार, असं मला वाटतं."

मला त्या बाईंचं हे नक्की नसणं फार झोंबलं. एक काहीतरी सांगा, म्हणजे मी त्याच्यावर चिडेन! डॉक्टरांवर चिडावं तर त्यांनी नको म्हटलेलं. ह्यांच्यावर चिडावं तर हे समोर शाळेतल्या पोरासारखे मांडीवर हात ठेवून बसलेले. देवीवर चिडायची सोय नाही.

"पालखी?" ह्यांनी तेवढंच विचारलं. बाई इकडच्याच. त्यांना शिमगा समजावून सांगावा लागला नाही.

"पालखी नको, काका. आणि सुई घेऊन पालखी तर अजिबात नको. जे थोडं उरलंय ते सांभाळायचं. व्यायाम देते. पुढे फारच झालं तर सांधा बदलायचा विचार करता येईल."

येताना मी ह्यांच्या मागे मोटारसायकलवर बसले होते. घाट उतरून खाली आल्यावर ह्यांनी वेग कमी केला आणि मान थोडी वळवून म्हणाले, "म्हंजी आत काय तरी मेला, नि मना कळला नाय."

मी ह्यांच्या उजव्या खांद्यावर हात ठेवणार होते. डाव्यावर ठेवला.

त्यानंतर शिमग्यापर्यंतचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. यंदा खुणेची पाळी आमच्या घराची होती. म्हणजे आमचंच अंगण, आमचाच खांदा, आणि गेल्या वर्षीचा डाग धुऊन काढायचा तोही इथेच. गावाचे प्रमुख, गावकर, येऊन सांगून गेले, "गेल्या वर्षासारखा नको व्हायला." हे म्हणाले, "बगू." मी विचारलं, पालखीखाली जाणार का? "बगू." इंजेक्शन घेणार का? "बगू." हा शब्द शब्दकोशातून काढून टाकावा असं मला वाटायला लागलं. हे फवारणीच्या पंपाचा वायसर बदलत बसायचे आणि मी एक खोली दोनदा झाडायचे. वर्गात फळ्यावर पेशीचं चित्र काढताना माझा खडू मोडायचा. शहरात कुठे निघाले की मी विचारायची, "कशाला?" ते म्हणायचे, "खत." ते परत आले की मी खताची पिशवी बघायची.

मला काय हवं होतं ते मला स्पष्ट माहीत होतं. ह्यांनी खांदा सोडावा. आणि ह्यांनी तो सोडला तर हे कसे उरतील याची मला भीती वाटत होती, तेही तितकंच स्पष्ट.

पालखी आमच्या वाडीत यायच्या दिवशी मी पहाटे नारळ पुरला. सासूबाई गेल्यापासून आमच्या घरचं हे काम माझं. आधी फाटकाजवळच खड्डा खणला, म्हणजे पालखी आत आली की लगेच सापडेल आणि ह्यांचा खांदा लवकर सुटेल. मग माझाच मला राग आला. सोपा पेपर काढायला देवी काय माझ्या वर्गात बसली होती? खड्डा बुजवला. अंगणाच्या पार टोकाला, चाफ्याच्या बुंध्याशी, चिऱ्याचे तुकडे पडलेत तिथे नारळ ठेवला आणि वर पाचोळा ओढला.

आत आले तर हे अंघोळ करून तयार. "जाऊन येतो," म्हणाले आणि मोटारसायकल काढली. फोन कोनाड्यात तसाच. फोन घरी ठेवून माणूस कुठे जातो? मी पुरणाचा गॅस बंद केला, शेजारणीला लक्ष ठेव म्हणून सांगितलं आणि रिक्षा पकडून शहरात गेले.

पहिल्या दवाखान्यात गर्दी होती. मी नंबर न लावता आत डोकं घातलं. कंपाउंडर म्हणाला, काका आज आले नाहीत. दुसऱ्या दवाखान्याला सणाचं कुलूप. तिसऱ्याच्या पायऱ्या मी धावतच चढले. तिथेही नव्हते. मला बरं वाटायला हवं होतं, पण मी आणखी कुठे इंजेक्शन मिळत असेल याचा विचार करत होते. रिक्षावाला वैतागला. "काकू, नक्की जायचा कुठं?" घरी, म्हटलं.

महामार्गाच्या तिठ्यावर मुंबईच्या गाड्या थांबतात. तिथल्या चहाच्या टपरीपाशी मला ह्यांची मोटारसायकल दिसली. मी चालत्या रिक्षातून उतरायचीच बाकी राहिले. हे बाकावर बसले होते आणि शेजारी बॅग मांडीवर घेऊन चुलतदीर. दोघांच्या हातात चहा, दोघांची तोंडं समोरच्या रस्त्याकडे.

"तू कुठं निघालीस?" ह्यांनी विचारलं.

"तुम्ही सुई घेतलीत का ते बघायला." टपरीवरची सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. बघू देत.

दीर उठून उभा राहिला. "दादानी फोन केलान परवा, वयनी. ये म्हणालान."

"खांदा त्याला देतोय," हे म्हणाले. जसं काही खताची पिशवी देतोय. "त्येच्या खांद्याला कळंल. माझ्या नाय कळायचा आता."

सुटले असं वाटायला हवं होतं मला. एवढे दिवस हेच तर हवं होतं. पण ह्यांनी पेला खाली ठेवताना डाव्या हाताने ठेवला, आणि मला टपरीवरच रडू आलं. दिराने माझ्यासाठी चहा सांगितला. तो फार गोड होता.

दुपार कलताना पालखी आली. अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. ह्यांनी कोनाड्यातली पंच्याची घडी आणली आणि दिराच्या उजव्या खांद्यावर ठेवली. न उलगडता. दोन वेळा दाबून बसवली. दीर वाकून पाया पडायला गेला तर ह्यांनी त्याला वरच्या वर धरलं आणि दांड्याकडे ढकललं. मग गर्दीतून वाट काढत माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. इतक्या वर्षांत शिमग्याला हे माझ्या शेजारी कधी उभे नव्हते.

ढोल सुरू झाला. पालखी उसळली. मला चाफ्याकडे बघायचं नव्हतं, कारण माझ्या तोंडावर सगळं दिसतं. म्हणून मी ह्यांच्याकडे बघत राहिले. ह्यांनी डोळे मिटले होते. सदऱ्याच्या आत उजवा खांदा हलत होता. अगदी बारीक. ढोल चढला की वर, उतरला की खाली. त्यांना ते ठाऊकही नसावं.

पालखी तुळशीपाशी गेली. तिथून फाटकाशी, मी सकाळी बुजवलेल्या खड्ड्यावरून. तिथे ती जरा घुटमळली. दिराचा चेहरा घामाने भरला होता, मान ताणलेली. मागच्या गर्दीत कुणीतरी म्हणालं, "यंदा पण नाय." पालखी गडग्याच्या कडेने वळली. आता ती आमच्या पाठीमागे होती.

ह्यांचा खांदा खाली गेला. एकदम, वरून वजन यावं तसा. तोंड वेडंवाकडं झालं आणि ते डोळे मिटूनच चाफ्याच्या बाजूला वळले. मी मागे बघितलं. दांडा त्यानंतर वाकला. पालखी चाफ्याच्या बुंध्याशी टेकली आणि उठेना.

मी विज्ञान शिकवते. इतक्या वर्षांची सवय, ढोलाचा बदललेला ताल, पाचोळ्यावर पडलेली पावलं, असं मी त्या दिवसापासून स्वतःला बरंच काही सांगून बघितलंय. माणसं ओरडत होती, कुणी पाचोळा उपसत होतं. मी ह्यांना विचारलं, "काय झालं?"

"दुखला," ते म्हणाले. "लय दुखला गो." आणि असे हसले की मला त्यांचं काय करावं ते कळेना.

दीर नारळ घेऊन गर्दीतून आला. मातीने माखलेला, तसाच. खुणेचा नारळ पहिल्यांदा खांद्याच्या मानकऱ्याच्या हातात जातो. आता मानकरी तो स्वतः होता, पण त्याने नारळ ह्यांच्यापुढे धरला. देवीचं काही डाव्या हाताने घेत नाहीत. ह्यांनी उजवा हात पुढे केला. तो कमरेच्या वर जाईना. पुन्हा केला. मग डाव्या हाताने स्वतःचं उजवं कोपर धरलं आणि हात हळूहळू वर उचलत आणला. मी मदतीला हात पुढे केला होता तो मागे घेतला. दीर नारळ खाली आणत नव्हता, हात तिथपर्यंत यायची वाट बघत उभा होता.